पाव्हण्याचं पाणी

अडतीस. पेन झटकलं, रुमालाला पुसलं, परत बुडवलं. अडतीस. शेजारची बाटली ओढली, तर एक्केचाळीस. तिसरी चाळीस. सातही बाटल्यांत पेन बुडवून झालं तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो. हे पेन म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं साधं यंत्र. आरओ मशीन विकणारी माणसं खिशाला लावून फिरतात, तेच. मार्चमध्ये त्याचा सेल संपला आणि मी तो आज बदलला, दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडल्यावर. आठ महिने! एक गोल सेल आणायला मला आठ महिने लागले. बदलल्यावर चालतंय का बघावं म्हणून हाताशी जे पाणी होतं त्यात बुडवलं, आणि हाताशी होत्या या सात बाटल्या, बेसिनमध्ये ओतून द्यायला काढलेल्या. आमच्या विभागप्रमुखांनी, राजशेखर सरांनी, फ्रीज रिकामा करा म्हणून तिसऱ्यांदा निरोप धाडला होता. बाटल्यांवर चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात. बोअर, घर एक. बोअर, घर दोन. अशी सात घरं. गाव जळकोटच्या अलीकडचं, माझ्या बहिणीचं सासर. आता जळकोटकडच्या बोअरला अडतीस? बोअर आहे का हिमालय? तिकडचं पाणी नऊशे, हजार, बाराशे. पातेल्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अडतीस फक्त जारचं पाणी असतं, आरओ प्लांटमधलं, वीस लिटरचं. तरी मनाच्या समाधानासाठी नांदेडच्या नळाच्या पाण्यात पेन बुडवलं. तीनशे दहा. पेन ठणठणीत होतं.

म्हणजे मी तीन वर्षं ज्या पेटीवर डोळे फोडून घेतले, तिला मी गावचं पाणी म्हणून आरओचं पाणी पाजलं. मला राग यायला पाहिजे होता. पण रागाला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. खिडकीबाहेर पोरं स्कूटरवर बसून फोनमध्ये माना घालून होती, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं, आणि मी सात बाटल्यांपुढं बसून विचार करत होतो की शिल्पाला कसं सांगायचं. शिल्पा माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मार्चमध्ये मी तिला फोनवर म्हणालो होतो, पाणी साफ. दोनच शब्द. ते म्हणताना मला किती बरं वाटलं होतं! लोकांना वाटतं शास्त्रज्ञाला काहीतरी सापडलं की आनंद होतो. मला काही सापडलं नाही याचा झाला होता.

पेटीचं सांगतो, अवघड काही नाही. सोन्याचे इतके बारीक कण करायचे की ते पाण्यात तरंगत राहतात, आणि ते पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. कणांना एक अस्तर लावायचं. नमुन्यात हार्मोन असलं तर ते अस्तर ओढून घेतं, उघडे पडलेले कण एकमेकांना चिकटतात, आणि रंग लालचा निळा होतो. पेटीत एका अंगाला हिरवा दिवा, दुसऱ्या अंगाला उजेड मोजणारा डोळा, मध्ये कुपी. लाल म्हणजे नाही, निळा म्हणजे आहे. बस. असली तपासणी हैदराबादच्या लॅबमध्ये करायची तर गावच्या ग्रामपंचायतीला झेपणार नाही. माझी पेटी पंधराशेच्या आत बसते, गावातल्या आशाताईला वापरता येईल इतकी सोपी. असं मी माझ्या पेपरात लिहिलंय. छापून आलंय. नांदेडच्या नळाच्या पाण्यात मुद्दाम हार्मोन घालून बघितलं तेव्हा ती बरोबर चालली, आणि मग खेड्यातल्या सात बोअरच्या पाण्यावर चालवली तेव्हा सातही कुप्या लालबुंद राहिल्या. किती सुंदर रंग! एवढा स्वच्छ लाल रंग नळाच्या पाण्यातसुद्धा आला नव्हता. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता. पण सुखाच्या गोष्टीला कोण कशाला प्रश्न विचारतो?

हा सगळा उद्योग गावात नेला तो शिवांगीमुळं. शिवांगी शिल्पाची पोर, आठ वर्षांची. जानेवारीत तिला पाळी आली. आठव्या वर्षी. शाळेत खोखोच्या सरावात पळत होती, पोटात दुखतंय म्हणून बसली, बाईंनी शिल्पाला बोलावून घेतलं. लातूरला दाखवलं. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, औषध आहे, घाबरू नका, कारण विचाराल तर वजन असतं, खाणं असतं, पाणी असू शकतं, आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. शिल्पानं त्यातला एकच शब्द उचलला. गावच्या वरच्या अंगाला म्हशींचा मोठा गोठा झालाय, म्हशींना दुधासाठी हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणे, गोठा धुतलेलं पाणी ओढ्यानं खाली येतं आणि ओढ्याच्या काठालाच यांचा बोअर. तिनं मला फोन केला, तेही माझ्या बायकोच्या मार्फत, कारण असली गोष्ट भावाशी थेट कशी बोलायची? सौदामिनीनं, माझ्या बायकोनं, फोन माझ्या हातात देताना एवढंच म्हटलं, "तुमचं ते पाण्याचं मशीन हाय ना, ते घेऊन जा एकदा." मी गेलो.

आणि तिथं मी जी माती खाल्ली ती मला आत्ता, बाटल्यांपुढं बसून, दिसायला लागली. शिल्पाच्या सासूबाई, धुरपताबाई, घरात थोर. त्यांच्यापुढं मी काय सांगणार होतो? की तुमच्या नातीला वेळेआधी पाळी आली, त्यात तुमच्या पाण्याचा दोष आहे का बघायला आलोय? बहिणीच्या सासूपुढं हा शब्द काढायला जीभ रेटेल का? मी म्हणालो, "कॉलेजचं काम हाय, पाण्याचे नमुने लागतेत." झालं. बाटली घेऊन बोअरकडं निघालो, तर धुरपताबाईंनी हातातून काढूनच घेतली. "तुमी बसा की, मन्मथराव. पाव्हण्याला पाणी भराय लावू का आमी? लोकं काय म्हनतील?" मी हट्ट केला असता तर? पण मी बसलो. शिल्पा चुलीपुढं, माझ्यासाठी धपाटे लावलेले. मी डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन आणलेली बाटली धुरपताबाईंनी परत राखेनं घासली, आवाज ऐकू आला मला, आणि मी मनात हसलो, म्हटलं, जाऊ दे, म्हातारं माणूस. भरून आणली, पदरानं पुसून हातात दिली. मग म्हणाल्या, अजून कुठं कुठं पाहिजे, चला. सहा घरं त्यांनीच फिरवली. प्रत्येक दारात त्या पुढं, मी मागं, आणि प्रत्येक दारात त्यांचं एकच, "आमच्या सुनंचा भाऊ हाय, नांदेडला परफेसर हाय, चांगलं पानी द्या." चांगलं पानी द्या! हे वाक्य मी सहा वेळा कानानं ऐकलंय. एकदाही माझ्या डोक्यात शिरलं नाही. सहाही घरांतून चहा घेतला.

तरी मी स्वतःला समजवत होतो, की बाबा, जारचं तर जारचं, घरात जार असेल तर ती माणसं तेच पीत असतील, म्हणजे पोरगीही तेच पिते, म्हणजे साफ ते साफच. चांगला मुद्दा होता. दोन मिनिटं टिकला. मग भाऊबीज आठवली, पंधरा दिवसांपूर्वीची. मी ओसरीवर बसलेलो. कोपऱ्यात जार, त्यावर धुतलेलं फडकं, त्यातलं पाणी मला स्टीलच्या ग्लासात. शिवांगी बाहेरून आली, तिनं जारकडं बघितलंसुद्धा नाही. माठात लोटी बुडवली, गटागटा प्यायली, उरलेलं तुळशीला टाकलं. जार पाव्हण्याचा. त्या घरात मी बारा वर्षांत माठातलं पाणी कधी प्यायलोच नाही. आणि त्या दिवशी पोरगी माझ्याजवळ आली नाही. एरवी "मामा, मामा" करून खिसे तपासणारी पोरगी. खोखोचं विचारलं तर आत निघून गेली. धुरपताबाई म्हणाल्या, "बंद केलंय समदं. अंडी बंद, दूध बंद, पळनं बंद, टीव्ही बंद. पान्यात काय न्हाई म्हून तुमीच सांगितलाव म्हनं शिल्पाला. मंग पोरीतच काय तरी असल की. लई वाह्यात झाली व्हती." मी ओवाळून घेत होतो. कपाळाला कुंकू, तोंडात करंजी. म्हणजे शेवटी पाण्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती, आणि तिचा असा उपयोग झाला होता. मी काय केलं? करंजी गिळली आणि म्हणालो, "डॉक्टरचं औषध चालू ठेवा." माझ्या दोन शब्दांवर त्या पोरीचं वर्ष गेलं आणि मी करंजी गिळली.

राजशेखर सर फ्रीज रिकामा झाला का बघायला आले. माणूस वाईट नाही, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, एवढंच. मी त्यांना पेन दाखवलं, आकडे दाखवले. ते उभ्या उभ्या समजले. थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. "मन्मथराव," ते म्हणाले, "हे कुनाला दिसूलालंय का?" मी म्हणालो, मला दिसतंय. "तुमाला सोडून म्हनलो मी." मी एका बाटलीचं झाकण लावलं. "छापून आलंय. पुढच्या वर्षी परत नमुने घ्या, दुरुस्ती करा, कोन विचारतंय? बाटल्या ओता आन् घरी जा. चेहरा बघा तुमचा." मला खरंच घरी जावंसं वाटलं. चेहरा धुऊन आडवं व्हावं, उठूच नये असं वाटलं. सेहेचाळीसाव्या वर्षी माणसाला एवढा कटाळा येतो का? मी म्हणालो, "सर, पेपर मागं घ्यावा लागंल." ते म्हणाले, "तुमची मर्जी," आणि फ्रीजचं न बोलता गेले. बाटल्या मी ओतल्या नाहीत. परत फ्रीजमध्ये ठेवल्या.

मग फोन. शिल्पानं उचलला तेव्हा मागं गिरणीचा आवाज येत होता. मी विचारलं, मार्चमध्ये तुमच्या घरची बाटली कुणी भरली, आठवतंय का. "आत्यांनी," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. आणि मग एकदम थांबली. मला पुढचं बोलावं लागलंच नाही. "दादा, आत्या तुला जारचंच दिली असतील की रं!" गिरणी चालूच होती. "मंग तू साफ म्हनलास ते?" मी म्हणालो, ते जारचं साफ होतं. ती रडेल असं वाटलं, शिव्या देईल असं वाटलं. तिनं विचारलं, "कवा येतूस?" मी म्हणालो, उद्या रविवार आहे. "ये," म्हणाली आणि ठेवला.

उदगीरच्या एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो. कंधार गेलं, जांब गेलं. दोन्ही अंगाला तुरी फुलावर होत्या, मध्ये मध्ये सोयाबीन काढलेली काळी वावरं. शेजारच्या माणसानं विचारलं, डब्यात काय हाय? मी म्हणालो, यंत्र. कशाचं? पाण्याचं. तो खूश झाला, म्हणाला, मंग आमच्या वावरात बी बघा की पाणी किती फुटावर लागतंय. मी डोळे मिटून घेतले. मला माझ्या आईची आठवण आली, का कुणास ठाऊक. ती सांगायची, तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिला वाटलं आपण मरणार, आणि ती दोन दिवस कुणाला न सांगता कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायची. तेरा वर्षांची होती. हे तिनं मला नाही, सौदामिनीला सांगितलं, मी पलीकडच्या खोलीत होतो म्हणून ऐकलं. आमच्या घरात बाईच्या देहाचं जे काही मला माहीत आहे ते सगळं मी पलीकडच्या खोलीतून ऐकलेलं आहे. आणि मी हार्मोनवर काम करतो! कॉन्फरन्समध्ये शंभर लोकांपुढं फाडफाड बोलतो, तिथं काही वाटत नाही, कारण तिथं ते इंग्रजीत असतं.

या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. चहा नको म्हणालो. सरळ बोअरवर गेलो, बटण दाबलं, पहिलं पाणी जाऊ दिलं, बाटली स्वतः भरली. पेन बुडवलं. अकराशे चाळीस. ओसरीवर पेटी मांडली. शिल्पा उंबऱ्यात उभी, हाताला पीठ. धुरपताबाई मागच्या दारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "पाव्हनं आल्या आल्या कामालाच लागले की." शिवांगी दिसत नव्हती. मी कुपीत पाणी घातलं, लाल द्रव घातला, झाकण लावायच्या आतच त्याचा रंग गेला. निळा. पुरता निळा, राखेसारखा, तळाला काळपट गाळ. शिल्पाच्या तोंडून "अगं बाई" निघालं. माझ्या छातीत एक क्षण असं झालं की सापडलं! मग लगेच, नाही. एवढ्या झटक्यात हार्मोनानं होत नाही, वेळ लागतो. मी म्हणालो, "शिल्पा, थोडं मीठ दे." ती बघतच राहिली. "मीठ?" "हाव, मीठ. खायचं." तिनं मिठाची बरणीच आणली. मी जारचं पाणी घेतलं, ज्याच्यात काही नाही हे मार्चमधल्या सात लाल कुप्यांनी दाखवलं होतं, त्यात दोन चिमट्या मीठ टाकलं, हलवलं, कुपीत घातलं. निळा. तसाच राखेसारखा. म्हणजे पेटीला मिठाची बाधा होते. क्षार जास्त असले की ती हार्मोन असो नसो, निळंच म्हणते. जारच्या पाण्यात ती चालत होती कारण जारच्या पाण्यात चालायला काही जोर लागत नाही. ज्या पाण्यासाठी केली त्या पाण्यात ती आंधळी. तीन वर्षं. मी दोन्ही कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मंग हाय का न्हाई?" शिल्पानं विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." "म्हंजे?" "म्हणजे हे यंत्र सांगू शकत नाही. साफ म्हणालो ते चूक होतं. आता खराब आहे असंही म्हणता येत नाही. बाटली हैदराबादला पाठवतो, महिना लागेल. आणि तिथं सापडलं तरी त्यानंच झालं असं कुणी सांगू शकणार नाही." ती म्हणाली, "दादा, तू एवढा शिकलास रं." टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं की एवढं शिकलेल्या माणसाला हे कसं सांगता येत नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली, पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून. मी तिला म्हणालो, तोवर सगळ्यांनी जारचं प्या. ती म्हणाली, बघू.

धान्याच्या कणगीच्या मागनं शिवांगी आली. केव्हापासून होती कुणास ठाऊक. उंच झाली होती, खांदे आत घेऊन चालत होती, ओढणी घेतली होती. आठ वर्षांच्या पोरीला ओढणी! पेटीजवळ बसली, कुप्यांकडं बघितलं, हात लावला नाही. मग माझ्याकडं न बघता अगदी हळू म्हणाली, "मामा, गोळ्यानं हुतंय का?"

"कसल्या गोळ्यानं?"

"बर्फाच्या. जत्रंतल्या. आजी नगं म्हनली व्हती. मी दोन खाल्ले. हिरवे." तिनं शिल्पाकडं चोरून बघितलं. "कुनाला सांगितलं न्हाई."

जत्रा पौषातली, पाळी यायच्या थोडी आधीची. म्हणजे एवढे महिने ही पोर दोन हिरवे गोळे पोटात घेऊन फिरत होती. दूध बंद केलं तेव्हा गप्प बसली, खोखो बंद केलं तेव्हा गप्प बसली, कारण तिला वाटत होतं की खरा गुन्हा अजून कुणाला सापडलाच नाही. मी पाण्यामागं धावत होतो, सोन्याचे कण उकळत होतो, आणि हिला कुणी समोर बसवून एक शब्द बोललं नव्हतं. "न्हाई," मी म्हणालो. "गोळ्यानं होत नाही. दुधानं नाही, अंड्यानं नाही, पळण्यानं तर नाहीच नाही. तू काही केलं नाहीस, शिवांगी. तुझी काही चूक नव्हती." कशावरून, असं मला कुणी विचारलं असतं तर मी एवढंच म्हणालो असतो की हे मला जानेवारीतच माहीत होतं. त्यासाठी पेटी लागत नव्हती, बाटल्या लागत नव्हत्या. फक्त तोंड उघडायला पाहिजे होतं.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. शिल्पा तिला जवळ ओढायला गेली तर तिनं खांदा काढून घेतला. मग म्हणाली, "आजीला सांग."

"सांगतो."

"आत्ता सांग. माझ्यापुढं सांग."

मागच्या दारातून शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, आणि मध्ये मध्ये धुरपताबाईंचं कोंबड्यांना हुश हुश. शिल्पानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. बहिणीच्या सासूपुढं, तिच्या घरात, हा विषय. उद्या बघू, आधी शिल्पाच्या नवऱ्याशी बोलू, आधी हैदराबादचं येऊ दे, अशी सगळी वाक्यं तोंडाशी तयार होती, शिकलेल्या माणसाकडं ती तयारच असतात. मी उठलो. गुडघे वाजले. शिवांगी माझ्या आधी उठली होती, माझी वाट न बघता ती मागच्या दारापर्यंत गेली, चौकटीला धरून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, शेंगा ठेव खाली. मामाला बोलायचंय."